विसाव्या अध्यायापर्यंत

गळ्यातली टेप काढून ते ती वाचून झालेल्या ओळीखाली आडवी ठेवत आणि पुस्तक मिटत. "आज इथवरच. उजाडंल तसं दिसंल." एवढं ऐकू आलं की संध्याकाळची प्रार्थना संपली, हे चिंताकी गावातल्या आमच्या गल्लीत लहान पोरांनाही ठाऊक होतं.

धंद्याने ते शिंपी. पाळकसाहेब बिदरहून महिन्यातून एकदा येत. एरवी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचण्याचं काम यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना वाचकअप्पा म्हणत. रोज त्यांच्या ओट्यावर एक अध्याय, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, एकही न गाळता. सगळं व्हायला सव्वातीन वर्षं लागत. संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्पत्ती. वंशावळीसुद्धा ते सोडत नसत.

शेजारचे एक धनगर म्हातारे ख्रिस्ती नव्हते, पण ऐकायला येत. लेवीयाच्या पुस्तकातले यज्ञांचे नियम चालू असले की आमची माणसं जांभया देत, म्हातारे मात्र कान देऊन बसत. एकदा न राहवून म्हणाले, "तुमचा देव मेंढरं लई मागायलाय. कळप बुडंल की अशानं."

"दम धर," अप्पा म्हणाले. "पुढं तो आपलंच कोकरू देतोय."

"कवा?"

"दोन-सव्वादोन वर्सं लागतील."

म्हातारे खरोखर थांबले. देवाचं कोकरू म्हणजे येशू; तो वधस्तंभावर जातो तो अध्याय वाचून होताच उठून गेले. सकाळी अप्पांच्या दारात शेळीच्या दुधाचा तांब्या होता.

मी अकरावीत असताना अप्पांशी भांडले होते. आधीच्या भागात देव अख्खी गावं मारायला सांगतो आणि पुढे वैऱ्यावर प्रेम करा म्हणतो. देव बदलला का? त्यांनी मशीन थांबवलं. "देव न्हाई बदलला, माय. माणसाचे डोळे हळूहळू उघडायलेत. अब्राहामाला जेवढं कळलं तेवढ्यावर तो चालला. मोशेला जरा जास्त दिसलं, संदेष्ट्यांना आणखी. सगळं एकदम दाखवलं असतं तर आंधळी झाली असती माणसं."

पुढे कडगंचीला विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा त्यांनीच मला दोन ड्रेस शिवून दिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तिथल्या ग्रंथालयात कळलं, की देव स्वतःला टप्प्याटप्प्याने प्रकट करतो या विचारावर जाडजाड ग्रंथ आहेत. अप्पांनी त्यातला एकही पाहिला नव्हता. तुमच्याही गावात असं कुणी असेल, तर मला काय वाटलं ते तुम्हाला कळेल.

अप्पांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. काजं-बटणं त्या करत. वाचता येत नव्हतं, पण अर्धं शास्त्र ऐकून पाठ. ओट्यावर यिर्मयाचं पुस्तक सुरू झालं त्या आठवड्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

मी सुट्टीत आले तेव्हा यहेज्केलाचं पुस्तक चालू होतं. आता वाचन आत, अक्कांच्या बाजेशी होई.

"ते वाचा की, डोळं पुसायचं," अक्का म्हणाल्या. देव स्वतः माणसांच्या डोळ्यांतलं पाणी पुसेल, मग मरण उरणार नाही, असं वचन प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. त्या तेच मागत होत्या.

"येतंय की. पाळीनं येतंय."

"कवा?"

"वरीसभरात. तवर तू ओट्यावर बसलेली असशील."

"न्हाई हो. आज वाचा."

"असं कामून बोलायलीस? बरी व्हणार हायस तू."

पाळीचा अध्याय मंदिराच्या मापांचा होता. दरवाजा इतके हात, भिंत इतके हात. अप्पा वाचत राहिले. शेवट आधी वाचला तर ती जाणार हे कबूल केल्यासारखं होईल, अशी भीती त्यांना वाटली असावी. हे मला आता सुचतं. तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये सगळं शास्त्र होतं, तरी मी तो अध्याय काढून वाचला नाही. अक्का भिंतीकडे तोंड करून मापं ऐकत राहिल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. मापं तेव्हाही संपली नव्हती.

वाचन थांबलं नाही. अकरा महिन्यांनी प्रकटीकरणाचा विसावा अध्याय झाला. तो न्यायाच्या दिवसाचा आहे. पुस्तकं उघडली जातात आणि ज्याचं केलेलं त्याच्या पुढ्यात येतं. दुसऱ्या दिवशी एकविसाव्यासाठी सगळे लवकर आले, धनगर म्हातारेही. मी कडगंचीहून मुद्दाम आले होते.

अप्पांनी पुस्तक उघडलं. "उत्पत्ती, अध्याय पहिला."

"वाचकअप्पा, शेवटलं राहिलं की," म्हातारे म्हणाले.

"राहू द्या."

सगळे गेल्यावर मी विचारलं. ते टेप बोटाला गुंडाळत, उलगडत होते. "ते तिच्या वाटणीचं होतं, माय. म्या दिलं न्हाई. आता कोण्या तोंडानं वाचू?"

"तुम्हीच तर म्हणता अप्पा, उजाडंल तसं..."

"उजाडायच्या आधीच गेली ती."

"उजाडंल तसं दिसंल" हे मग त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. नुसती टेप ठेवत आणि पुस्तक मिटत. पुढच्या फेरीतही ते विसाव्यावरच थांबले. त्याच्या पुढची फेरी पुरी झाली नाही.

आता ओटा रिकामा असतो. म्हातारे चुकून संध्याकाळी येतात, जरा टेकतात, जातात.

अप्पांचं पुस्तक माझ्याकडे आलं. शेवटच्या दोन अध्यायांची पानं त्यांनी एकत्र शिवून टाकली आहेत, पांढऱ्या धाग्याने, तिन्ही बाजूंनी, तुरपाईच्या बारीक टाक्यांनी. मी कात्री घेऊन दोनदा बसले. टाके अक्षरांतून गेले आहेत. उसवायला गेलं तर पान फाटेल.