वरच्या मजल्यावर कोण राहतं?

"मॅडम, तुमचा विद्यार्थी दिलेल्या पत्त्यावर राहतच नाही." इन्स्पेक्टर साहेबांनी फाइल माझ्याकडं सरकवली. "आमचा माणूस जाऊन आला. घरमालकानंच सांगितलं, वरचा मजला रिकामा आहे. आता एक्स्टेन्शन कसं द्यायचं, तुम्हीच सांगा."

तो विद्यार्थी माझ्या शेजारीच बसला होता. सालेम, येमेनचा. आमच्याकडं फार्मसीत पीएचडी करत होता. मराठी त्याला फारशी कळत नव्हती, पण साहेबांचा चेहरा कळत होता.

मी तेव्हा कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचा विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि मी. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. येमेन, सुदान, इराककडची बरीच मुलं इथं शिकायला यायची, कारण फी परवडायची आणि खोल्या मिळायच्या. लोकांना वाटतं, एकदा व्हिसा मिळाला की झालं. तसं नसतं. स्टुडंट व्हिसा ठरावीक मुदतीचा असतो आणि मुदत संपायच्या आत तो वाढवून घ्यावा लागतो. त्यालाच एक्स्टेन्शन म्हणतात. कॉलेजचं पत्र लागतं, भाडेकरार लागतो आणि पोलिसांचा माणूस घरी जाऊन बघतो, की हा माणूस खरंच इथं राहतो का. हे व्हेरिफिकेशन. बाकीचे सगळे कागद मी जमवू शकायचे, पण व्हेरिफिकेशनपुढं माझं काही चालायचं नाही.

एक्स्टेन्शन नाकारलं की देश सोडायची नोटीस हातात पडते. सालेमच्या देशात लढाई चालू होती. त्याच्या शहराचा विमानतळ बंद होता. थिसिस जमा झाला होता, व्हायवा तेवढा बाकी होता. आणि त्याची बायको हुदा, जिचा व्हिसा त्याच्याच व्हिसाला जोडलेला, तिचे दिवस भरत आले होते. त्या अवस्थेत तिला कुठल्या विमानानं घेतलं नसतं, आणि घेतलं असतं तरी उतरणार कुठं?

"मुदत पुढच्या आठवड्यात संपते," साहेब म्हणाले. "त्याआधी घरमालकाला घेऊन या. नाहीतर आहे तोच रिपोर्ट मला वर पाठवावा लागेल. पत्ता खोटा दिला असा अर्थ होतो त्याचा. बाकी तुम्ही जाणता."

बाहेर आल्याबरोबर मी सालेमला जिन्यातच गाठलं.

"खरं सांग. घर बदललंस का? कुणाला पोटभाडेकरू ठेवलंस का?"

"नहीं मॅडम," तो म्हणाला. "हम वहींच रहते. अंकल के ऊपर. आप चलो, देखो."

माझं डोकं तापलेलंच होतं. मी रिक्षा केली आणि तशीच त्याच्याबरोबर बेगमपुऱ्यात गेले.

त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता. लातूरला रेल्वेनं पाणी नेत होते, आणि आमच्याकडं जायकवाडीचं धरण तळाला गेलेलं. शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होतं. ज्याला जमेल तो घरावर मजला चढवत होता आणि भाड्यानं देत होता. माणसं वाढली, नळ तेवढेच राहिले. पाणी कधीतरी यायचं आणि थोडाच वेळ यायचं. त्यामुळं जो तो नळाला मोटार लावून पाणी ओढायचा. ते बेकायदा होतं. महापालिकेचं पथक फिरायचं, मोटारी जप्त करायचं, नळ तोडायचं. पथक गल्लीत शिरलं की मोटारी पोत्याखाली जायच्या. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण आमच्या घरीही पोतं होतंच.

घरमालक उत्तमराव ओट्यावर बसले होते. मूळचे पिशोरचे, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांत वरचा मजला बांधला. सालेमला बघून ते म्हणाले, "काय रे, झालं का काम? मॅडमला पाणी दे म्हणावं आतून."

"काम कसं होईल?" मी म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत ना, वर कोणी राहत नाही म्हणून?"

"म्या? म्या कवा सांगितलं?"

"कोणी चौकशीला आलं होतं का?"

उत्तमरावांनी जरा आठवून पाहिलं आणि मग त्यांचा चेहरा चक्क खुलला. "आला व्हता एक जण. साध्या कपड्यात, फटफटीवर, हातात फाइल. ही दोघं दवाखान्यात गेलती. इचारतो कसा, वर कोण राहतं, परदेशी भाडेकरू हायेत का, किती माणसं? म्या लगेच वळखलं, पाण्याच्या ऑफिसचा हाय. म्हनलं, वर कोणी नाय, समदं रिकामं हाय, सामान पडलंय नुसतं. त्याला पुढं बोलूच दिलं नाय. लई शहाणा समजत व्हता, पण बरोब्बर वाटेला लावला."

असा अभिमानानं सांगत होता माणूस, की मला हसू की रडू कळेना. आदल्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या मोटारी गेल्या होत्या. त्यात शेजाऱ्याशी त्यांचं वाजलेलं. तुमची मोटार आमचं पाणी ओढते, वर परदेशी भरलेत, तक्रारच करतो, असं तो म्हणाला होता. म्हणून कोणी 'वर किती माणसं' असं विचारताच उत्तमरावांनी मजलाच रिकामा करून टाकला.

"अहो काका, तो पोलीस होता," मी म्हणाले. "व्हिसाच्या चौकशीला आला होता. तुमच्या शब्दावर या दोघांना देशाबाहेर काढतील."

त्यांनी सालेमकडं बघितलं. मग म्हणाले, "पोलीस? मग तसं सांगायचं ना त्यानं."

"तुम्ही सांगू दिलंत का?"

हुदा जिना उतरून खाली आली होती. अर्धं समजलं असावं, कारण ती कठड्याला धरून तिथंच पायरीवर बसली. मला त्या मुलीची फार काळजी वाटली. माझी स्वतःची मुलगी तिच्याच वयाची.

"उद्या माझ्याबरोबर ऑफिसात चला आणि खरं काय ते सांगा," मी उत्तमरावांना म्हणाले.

"येतो की. पण मोटारीचं नाव नाय काढणार म्या. नळ तोडला तर जोडून मिळत नाय, मॅडम. या दिवसांत बिननळाचं घर म्हंजे काय, तुमाला ठाव हाय."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आतून त्यांच्या बायको शांताबाई आल्या. हुदाच्या शेजारी पायरीवर बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडं न बघताच म्हणाल्या, "नळ गेला तर म्या टँकरवर जाईन. ही पोर कुठं जाईल? तिची माय हाय का इथं? उद्या जायाचं आन् समदं सांगायचं. मोटारीसकट."

उत्तमरावांनी एसटीत मोठमोठ्या साहेबांना दाद दिली नसेल, पण इथं त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ते कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले. मी रिक्षात त्यांना पढवलं होतं. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की माझी चूक झाली, हे माझेच भाडेकरू. जास्त बोलू नका.

साहेबांसमोर ते म्हणाले, "साहेब, म्या खोटं बोललो. हे माझ्याच घरात राहत्यात."

"का खोटं बोललात?"

उत्तमरावांनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं बघत राहिले.

"भाडं लपवायचं होतं?" साहेबांनी आवाज चढवला. "की या मुलानंच सांगितलं होतं तसं बोलायला? काय लपवतोय हा?"

आता मात्र प्रकरण सालेमवर शेकत होतं. गप्प राहिलं तर संशय त्याच्यावर, बोललं तर गदा नळावर. उत्तमराव उठून उभे राहिले.

"त्या पोराचं काय नाय साहेब. माझ्या नळाला मोटार हाय. मला वाटलं, पाण्याचं पथक आलं. म्हून बोललो. काय करायचं ते माझं करा."

कोपऱ्यात काळे नावाचा कॉन्स्टेबल उभा होता. तोच चौकशीला गेला होता. त्यानं रुमालानं तोंड पुसायला घेतलं आणि पुसतच राहिला. साहेबांचेही ओठ हलले, पण त्यांनी ते आवरले.

"नळाचं खातं माझ्याकडं नाही," ते म्हणाले. "पोलिसाला खोटं सांगणं मात्र माझ्याकडं आहे. पुन्हा असं केलंत तर सोडणार नाही. तुमचा जबाब लिहून द्या. काळे, परत जाऊन या. या वेळी आधी ओळख सांगा."

दोन दिवसांनी काळे येणार होते. मी सकाळपासून त्या ओट्यावर ठाण मांडून बसले. आता माझा कुणावरच विश्वास नव्हता. उत्तमरावांनी मोटार सोडवून जिन्याखाली पोत्यात गुंडाळली होती आणि पोत्यासमोर खुर्ची टाकून स्वतः बसले होते. शांताबाई चहा टाकायला आत गेल्या. काळे आले, त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आपण पोलीस असल्याचं सांगितलं आणि फाइल उघडली.

नेमकी तेव्हाच नळाला धार लागली. गल्लीत एकदम हंडे-बादल्या वाजायला लागल्या. उत्तमराव हलले नाहीत. घाम तेवढा पुसला.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हुदाचा आवाज आला. ती आत झोपली होती, पोलीस आल्याचं तिला कळलंच नव्हतं.

"काकू, पाणी आलं. मोटार लावा ना लवकर, वर चढत नाय."

उत्तमरावांनी डोळे मिटून घेतले. काळे दोन पावलं मागं गेले आणि वर बघायला लागले.

"ताई, तुम्ही इथंच राहता का?"

"व्हय," हुदा म्हणाली.

"किती दिवस झाले?"

तिनं जरा विचार केला. "दोन उन्हाळे. काकूला इचारा."

काळेंनी फाइलवर काहीतरी लिहिलं, पेन खिशाला लावलं आणि पोत्याकडं बघत म्हणाले, "काका, लावा ती मोटार. धार जाईल. मी वरच्या मजल्याचं बघायला आलोय, जिन्याखालचं नाही."

मी तिथंच ओट्यावर मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं. दारात उभ्या सालेमला काय झालं ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो आत जाऊन शांताबाईंच्या पाया पडला. हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

मुदतीच्या आत एक्स्टेन्शन मिळालं. हुदाचं बाळंतपण शांताबाईंनी केलं, मुलगी झाली. व्हायवा पण झाला. पेढे वाटायला उत्तमरावच माझ्या टेबलापाशी आले. त्यांचा नळ शाबूत होता.

त्या वर्षापासून मी एक नवीन काम सुरू केलं. नवीन मुलं आली की त्यांच्या घरमालकांनाही कॉलेजात चहाला बोलवायचं. व्हिसा, मुदत, व्हेरिफिकेशन सगळं समजावून सांगायचं. प्राचार्य उठून गेले की शेवटचं वाक्य मी माझं म्हणून सांगायचे. कोणी चौकशीला आलं तर मोटार खुशाल लपवा, भाडेकरू लपवू नका.