भामेकाठी एक गुरुवार

मॉरिशसच्या विमानतळावर पापांनी माझ्या हातात खाऊचा डबा दिला आणि मराठीत म्हणाले, "कुणी मूळ गाव विचारलं तर गप्प बसू नकोस. लहानपणापासून पाठ केलंस तेच सांग: चाकणच्या पुढं, भामा नदीच्या काठी." आमच्या घरात एरवी सगळे तिकडची क्रिओल भाषा बोलायचे. मराठी होती ती पूजेपुरती आणि बैठकेत, म्हणजे वस्तीतल्या संध्याकाळच्या शाळेत, शिकलेली. त्यामुळे पापा मराठीत बोलू लागले की त्यांना गहिवरून आलंय, हे आम्हाला कळायचं. आई भर उन्हाळ्यात माझ्या स्वेटरची बटणं लावत राहिली.

भाचरांनो, वर्षभरासाठी गेलेली आत्या तिकडेच का राहिली, असं तुम्ही विचारता. त्याचं उत्तर एका गुरुवारात आहे.

मी स्वयंसेविका म्हणून पिंपरीजवळच्या काळेवाडीत आले, बालवाडीत शिकवायला. राहायची सोय एका कामगाराच्या घरी झाली. पत्र्याच्या दोन खोल्या. कौसाअक्का, त्यांचे यजमान किसनराव आणि नऊ वर्षांची नंदा. परभणीकडचं हे बौद्ध कुटुंब मोठ्या दुष्काळात गाव सोडून आलेलं. किसनराव भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथ मशीनवर कामाला होते. त्यांना मी दाजी म्हणायचे. घरातली एकुलती खाट त्यांनी मला दिली आणि तिघं खाली झोपू लागली. पहिल्याच दिवशी मी अक्कांना विचारलं, "आपण भोजन केले काय?" अक्का तोंडात पदर कोंबून हसल्या. "अगं बाई, जेवलाव का म्हण!" माझी खरी मराठी तिथून सुरू झाली.

माझं वर्ष संपत आलं तेव्हा दाजी म्हणाले, "सुमती, तुझं गाव बघायचं राहिलंच की. गुरुवारी मला सुट्टी आहे. जाऊ सगळेच." सुट्टीच्या दिवसाचा ओव्हरटाइम बुडवून या घरानं कधी सहल काढली नव्हती. अक्कांनी पहाटे उठून धपाटे थापले, शेंगदाण्याची चटणी कुटली. नंदाला नवा फ्रॉक. नाशिक फाट्यावरून एसटीनं चाकण, आणि तिथून कांद्याच्या शेतांमधून पायी. विचारत विचारत दोन गावं झाली. तिसऱ्या गावात पारावरच्या माणसांना मी आडनाव सांगितलं, तर त्यांनी नदीकडच्या एका घराकडे बोट दाखवलं.

ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझं ऐकून ते उठूनच उभे राहिले. "व्हय, व्हय! आमच्या आज्याचा धाकला भाऊ बोटीवर गेला व्हता. माघारी न्हाईच आला. तू त्याची?" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मला रडू आलं. इतकी वर्षं मी पाठ केलेलं वाक्य खरं होतं, आणि त्या वाक्यात राहणारी माणसं होती.

"या, आत या, हातपाय धुवा," ते म्हणाले आणि दाजींकडे वळले. "पाव्हणं कुठलं? आडनाव काय?"

दाजींनी आवाज न चढवता, न उतरवता, आपलं आडनाव सांगितलं.

म्हाताऱ्यांचे हात माझ्या हातातून सुटले. ते आतल्या सुनेला म्हणाले, "त्यांना तिथंच खाली पाणी दे. वरून."

मला आधी कळलंच नाही. अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं. त्या चिडल्या नव्हत्या. नंदाचा हात धरून मला हळूच म्हणाल्या, "तू जा आत. एवढ्या वर्सांनी घर घावलंय तुला. आमी नदीवर बसतो. आमाला काय ह्ये नवं न्हाई." दाजीही म्हणाले, "जा सुमती. तुझ्या पापांना काय सांगशील?"

ज्यांना पायरी चढू दिली नव्हती, तीच माणसं मला आत जा म्हणत होती.

उघड्या दारातून आतला देव्हारा दिसत होता. मी पायरीला डोकं टेकवलं आणि मागे फिरले. "आजोबा, वर्षभर मी यांच्या घरात जेवले. यांना वगळून माझ्या घशाखाली इथं पाणी जायचं नाही."

"रीत हाय पोरी," ते म्हणाले. "माज्या हातात न्हाई."

नदीवर आलो तर अक्का माझ्यावरच उखडल्या. "येडी हायस का? घर टाकून आलीस!" आणि बोलता बोलता त्यांनी माझ्या पुढ्यात सगळ्यात मोठा धपाटा ठेवला. डोळे पुसले ते चटणीच्या हातानंच, मग पाण्याला धावल्या. नंदा खदखदून हसली. मग आम्ही सगळेच.

निम्मं जेवण झालं असेल, तेवढ्यात म्हातारबाबा काठी टेकत आले. दाजी लगेच उठले. "बसा बाबा. दोन घास खा." बाबा बसले, पण जरा अंतर ठेवून. धपाटा त्यांनी घेतला नाही. मी हे खोटं रंगवणार नाही. पण ते उठूनही गेले नाहीत. दाजी माझ्या वतीनं विचारत राहिले आणि बाबा सांगत राहिले: बोटीवर गेलेले माझे पणजोबा पोहण्यात कसे पटाईत होते, शेतावरून थोरल्याशी कसे भांडले, त्यांची आई किती दिवस त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. उठताना त्यांनी नंदाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग स्वतःच्या त्या हाताकडे पाहत गेले.

परतताना एसटीत नंदा माझ्या मांडीवर झोपली. जायची तारीख मी पुढे ढकलायची, हे चाकण सुटायच्या आतच मनाशी ठरलं होतं. मग बालवाडीतच पगारी नोकरी मिळाली, आणि दोन-तीन वर्षांनी चिंचवडच्या एका शिक्षकांशी माझं लग्न ठरलं.

लग्नाला पापा आले. माझ्या सासरच्यांनी त्यांच्यासाठी चांगल्या लॉजची खोली बघून ठेवली होती. पापा म्हणाले, लॉज नको. काळेवाडीच्या पत्र्याखाली, त्याच खाटेवर, ते पंधरा दिवस राहिले. दाजींबरोबर सकाळी कोपऱ्यावर चहा प्यायचे, आणि दाजींची शिफ्ट असली की अक्कांना कांदा चिरून द्यायचे. एकदा शेजारच्यांनी विचारलं, "पाव्हणं, इकडं कुणाकडं आलाव?"

पापा आपल्या पोथीतल्या मराठीत म्हणाले, "मी माझ्या लेकीच्या माहेरी आलो आहे."