एकेका चित्रात पाहिलेली कुस्ती

जोतीरामतात्यांच्या लॅपटॉपला टिकली लावलेली आहे. मरून रंगाची, त्यांच्या बायकोच्या, राहीकाकूंच्या पाकिटातली. कॅमेऱ्यातून कुणीतरी आपल्याला बघतंय असा तात्यांचा संशय, म्हणून बरोबर कॅमेऱ्यावर चिकटवलेली.

"पण बघतंय कोण, तात्या?" मी एकदा विचारलं.

"ते कळलं असतं तर टिकली कशाला घालवली असती रं?"

तात्या आधी गावच्या तालमीत घुमले, मग फौजेत गेले आणि हवालदार होऊन परत आले. दोन्हीकडं ते एकच गोष्ट शिकले: समोरचा काहीतरी लपवतोय. हवामान खात्याला पावसाची तारीख ठाऊक असते, पण ते मुद्दाम सांगत नाहीत, असं त्यांचं ठाम मत आहे. एसटीचा वाहक गालात हसला तरी तात्या उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवतात.

हा लॅपटॉप त्यांच्या मुलानं, जयराजनं, घेऊन दिला. तोही फौजेत. लॅपटॉप पाटीएवढा, हलका, स्वस्तातला. वर्षभरात तो असा मंदावला की बटण दाबून चहा प्यायला जावं, आणि परत येऊन आणखी एक प्यावा. माझं कराडला दुरुस्तीचं दुकान. तात्यांनी तो टॉवेलात गुंडाळून माझ्याकडं आणला, कोंबडी आणावी तसा काखेत धरून. मी आतली जुनी सिस्टिम काढली आणि हलकी लिनक्स घातली. लॅपटॉप भराभर उघडला. झालं, तात्या सावध झाले.

"ह्ये कितीला पडलं?"

"फुकट असतं, तात्या."

"फुकट?" तात्यांनी दुकानाच्या दाराकडं बघितलं. "आरं, कुस्तीत फुकट पडनारा आन बाजारात फुकट देनारा, दोगांवर नजर ठिवावी. ती बनवनारी मानसं पोटाला काय खात्यात?"

"तात्या, ह्याचं सगळं उघड असतं. आत काय लिहिलंय ते कुणीपण तपासू शकतं."

"तू तपासलंस?"

"न्हाई."

"मग?"

मी टॉवेलाची घडी करून तात्यांच्या हातात दिली.

तात्यांना लॅपटॉप हवा होता तो कुस्त्या बघायला. बघायला म्हणजे पकडायला. दोन पैलवानांनी आधीच ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात, आणि तात्यांना दर मैदानात किमान एक तरी नुरा दिसते. पूर्वी ती नुसती दिसायची, आता त्यांना पुरावा पाहिजे होता. पोरं मोबाईलवर काढलेल्या कुस्त्या त्यांना आणून देत, पण ते भलेमोठे व्हिडिओ त्या पाटीला झेपत नसत. डाव लागायच्या वेळी चित्र थिजायचं आणि सुटायचं तेव्हा गुलाल उडत असायचा. तात्या म्हणायचे, ह्यातबी त्यांची मानसं हायती.

मी नको ते सगळं बंद करून टाकलं. एका ओळीची आज्ञा दिली की व्हिडिओ आटून लहान होतो, ती त्यांना शिकवली. एक साधा प्लेअर घालून दिला. त्यात पूर्णविरामाचं बटण दाबलं की कुस्ती एकेक चित्र पुढं सरकते. जत्रेत क्षणात संपलेली कुस्ती तात्या आता अख्खी दुपार बघू लागले.

त्यातून त्यांनी एक नियम काढला. खरा पैलवान हिसका बसल्यावर पकड सोडतो. नुरावाल्याचा हात हिसक्याच्या आधीच सुटतो. त्या एका चित्रावर बोट ठेवून तात्या निकाल द्यायचे आणि गाव मान डोलवायचं. गेल्या साली गावातल्या ज्योतिबाच्या थोरल्या पोराचा निकाल असाच लागला. आमच्या तालमीत नुरा करणाऱ्याला मातीत पाय ठेवू देत नाहीत. पोरानं लंगोट खुंटीला टांगला, तो टांगलेलाच राहिला.

आणि यंदाच्या यात्रेत तात्यांचा सख्खा पुतण्या वीरधवल पडला. आटपाडीकडच्या इंद्रजितनं त्याला असा चितपट केला की हलगीवाल्याचा हात वरच राहिला. वीरधवल आणि इंद्रजित मागं सांगलीला एकाच तालमीत होते, एका ताटात जेवलेले. संध्याकाळपर्यंत गाव म्हणायला लागलं, "पडला न्हाई, पाडून घेतलाय."

तालमीचे वस्ताद आकाराम. त्यांनी तात्यांना निरोप धाडला: तू बघ आणि सांग. तू म्हणशील ते.

म्हणजे वीरधवलनं तालमीत परत उतरायचं की नाही, ते आता चुलत्याच्या बोटावर आलं.

व्हिडिओ लहान करायला मी तात्यांच्या घरी गेलो. तात्यांनी दार लावून घेतलं, खिडकीही लावली. मग पूर्णविराम दाबायला सुरुवात केली. चित्र सरकलं, पुन्हा सरकलं. वीरधवलनं इंद्रजितचं मनगट धरलेलं. इंद्रजितचा पाय अजून उचललेलासुद्धा नाही. पुढचं चित्र. वीरधवलची बोटं उघडी.

तात्यांनी मागं जाऊन पुन्हा बघितलं. लॅपटॉप कण्हला. हात आधीच सुटला होता.

"व्हिडिओ बारीक करताना तू ह्यात काय केलं तर न्हाईस?" तात्यांनी मलाच विचारलं. मग त्यांनी मोबाईलवरचा मूळ व्हिडिओ बघितला. तिथंही तेच.

राहीकाकू आतून म्हणाल्या, "आवं, पर त्या पोराला कुनी इचारलंय का?"

"नुरा करनारा खरं सांगतोय व्हय?"

"मग खोटं सांगूद्या की. निदान ऐकूया तरी."

वीरधवल आला. सहा फुटी पोरगा उंबऱ्याशी अंग चोरून उभा राहिला. तात्यांनी बसही म्हटलं नाही.

"हात का सुटला?"

"बोटांत मुंग्या येत्यात, तात्या. करंगळी आन शेजारचं बोट. धरलंय का सुटलंय, कळतच न्हाई. लय दिस झालं."

"मग आधी बोलायला काय झालं हुतं?"

"तुमी इश्वास ठिवला असता? म्हनला असता, मैदान टाळतोय."

तात्यांनी ते नाकारलं नाही. काकूंनी तेवढ्यात चहा आणला, स्टीलच्या पेल्यात, वाफाळता. तात्या म्हणाले, "बस हितं. सोताच बघ कसा पडलास."

वीरधवल लॅपटॉपवर वाकला. उजवा हात सतरंजीवर टेकलेला. स्वतःचं पडणं एकेका चित्रात बघताना त्याचा जबडा आवळत गेला. मी पडद्याकडं बघत होतो, म्हणून आधी मलाही दिसलं नाही. तात्यांनी अगदी सावकाश आपला पेला सरकवला आणि पुतण्याच्या करंगळीला टेकवून ठेवला.

वीरधवल बघतच राहिला पडद्याकडं. कातडी लाल झाली तरी त्याला पत्ता नाही.

"आवं, भाजलं की पोराला!" काकू ओरडल्या, तेव्हा त्यानं खाली बघितलं. त्यानं हात मागं घेतला, पण दुखलं म्हणून नाही, काकू ओरडल्या म्हणून.

तात्यांनी पेल्याला स्वतःचं बोट लावलं आणि चटका बसून झटकलं.  मग काकूंना म्हणाले, "त्याला तूप लाव."

मिरजेच्या डॉक्टरांनी कोपराजवळ शीर दबल्याचं सांगितलं. इलाज आहे, पण वेळ लागेल. निशाण फडकवावं तसा कागद हातात नाचवत तात्या तडक तालमीत गेले. मी आणि वीरधवल मागं. वस्ताद होते, चारपाच जाणती माणसं होती, ज्योतिबाही होता.

"कुस्ती खरी हाय," तात्या म्हणाले. "पोराच्या बोटांत जीव न्हाई. मी सोता बघितलंय."

कुणीच मान डोलावली नाही.

"तात्या," ज्योतिबा शांतपणे म्हणाला, "माझ्या पोराचा हात आधी सुटला, तवा तुमी त्याची करंगळी बघितली न्हाई."

 दुसरा कुणीतरी म्हणाला, "डागदरचा कागद काय, कुटंबी मिळतोय." तिसरा म्हणाला, "पुतण्या हाय शेवटी." यातलं एकेक वाक्य तात्यांनी कधी ना कधी स्वतः दुसऱ्याला ऐकवलेलं होतं. त्यांनी कागदाची घडी केली.

वस्तादांनी वीरधवलची करंगळी हातात घेतली आणि त्याच्या डोळ्यांत बघत नख रुतवलं. चांगलं खोलवर. वीरधवलची पापणी लवली नाही, तेव्हा हात सोडला.

"हात नीट करून घे. मग उतर. तवर मातीची सेवा कर. उद्यापास्नं हौद्यातल्या मातीत ताक घालायचं काम तुझं."

"म्हंजी इश्वास ठिवला तुमी?" ज्योतिबानं विचारलं.

"न्हाई," वस्ताद म्हणाले. "लढताना बघीन, मग ठिवीन."

तात्या ज्योतिबाकडं वळले. "तुझ्या पोराला बी घिऊन ये. त्याची बोटं बघू."

"त्यो येनार न्हाई, तात्या. तुमी बोलवलंय म्हनल्यावर तर न्हाईच."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरधवल मातीत ताक घालायला तालमीत निघाला. त्याच्या हाताला जड होऊ नये म्हणून ताकाची किटली तात्यांनीच उचलली होती. तालमीच्या दारात ज्योतिबा उभा होता. त्यानं वाट अडवली नाही, फक्त किटलीत वाकून बघितलं.

"ताकच हाय न्हवं, तात्या? का नुसतं पांढरं पानी?"

तात्यांनी झाकण काढलं आणि किटली पुढं धरली. ज्योतिबानं बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा बुडवलं. त्याचं होईस्तोवर तात्या किटली धरून उभे राहिले.