लिंबानं घासलेले हात

परवा सुनेनं लिंबू पिळलं, अन् त्या वासानं मला माझ्या पोरीचे हात आठवले. तिचा बाप गेला तवा ती जळगावला कॉलेजात होती. माझा भाऊ म्हणाला, "कॉलेजातच काही काम मिळालं तर शिकू दे, नाहीतर घरी आण, लगीन लावून देऊ." दिवाळीच्या सुट्टीत ती घरी येऊन कपाशी वेचत होती, बोंडांनी बोटं पार फाटलेली. कॉलेजातलं काम म्हणजे टेबल-खुर्चीचं, असं मी धरून चालले. आठ दिवस तिला वावरात जाऊ दिलं नाही. रोज ओट्यावर बसवून हाताला लिंबाची साल घासली, वर साय चोळली. "माय, झोंबतंय." "झोंबू दे." कॉलेजात कामाच्या निवडीच्या दिवशी मी दारात उभी. काम निघालं बागेतल्या खुरपणीचं. सरांनी तिचे हात पाहिले, म्हणाले, "हिला नाही जमायचं. पुढची बोलवा." मी आत गेले, माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले. "सर, हिचे बी असेच होते, मीच घासून काढले. हाऊ बठ्ठा मना येडेपणा शे, सगळा माझाच येडेपणा." सर म्हणाले, "जा पोरी, समोरचा वाफा खुरपून दाखव." तिनं ओढणी कमरेला खोचली, अन् वाफा संपेस्तोवर मान वर केली नाही. तीन वर्षं तिनं ती बाग राखली. आता धुळ्याला शाळेत शिकवते, हात खरंच मऊ झालेत. भेटायला आली की मी ते उलटेसुलटे करून बघते. कुठं एखादा जुना घट्टा राहिलाय का, ते शोधते.