नखाएवढ्या जागेतलं वांगं

मंडईमागे भाजीचा घाऊक गाळा असलेल्या एका काकांनी घरपोच भाजीचं अ‍ॅप काढायचं ठरवलं आणि आयकॉनचं काम माझ्याकडे आलं. मोबाइलवरच्या ज्या चौकोनी चित्रावर बोट ठेवलं की अ‍ॅप उघडतं, तो आयकॉन, हे मी त्यांना कितीदा तरी समजावलं. ते शेवटपर्यंत त्याला लोगोच म्हणत राहिले.

"त्यात टोपली पाहिजे," काका म्हणाले. "स्कूटर पाहिजे. ताजेपणासाठी पान पाहिजे. आणि खाली आपलं पूर्ण नाव."

"काका, जागा अंगठ्याच्या नखाएवढी आहे."

"मग बारीक काढा. तुम्ही कलाकार ना?"

बिबवेवाडीला घरी येऊन मी भाजीची मिळतील ती सगळी अ‍ॅप्स मोबाइलवर शेजारी-शेजारी लावली. जिकडे तिकडे हिरवं पान. डोळे किलकिले केले की सगळी एकच. म्हणून मी पिवळ्या रंगावर एक जांभळं वांगं काढलं. गुबगुबीत, वाकड्या देठाचं. देठाचा तो बाक जमेपर्यंत माझी मान आखडली, पण मोबाइल टेबलावर ठेवून दारापर्यंत गेले तरी ते ओळखू येत होतं. मी खूश होते.

काकांनी मोबाइल हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "हे काय?"

"वांगं."

"ते कळलं. वांगी विकण्यात जन्म गेला माझा. अहो, वांग्यानं पित्त होतं. लोकांनी भाजी मागवायची का औषध?"

गाळ्यात त्यांच्या बरोबरीनं बसणाऱ्या काकू म्हणाल्या, "मला आवडलं."

"तुला भरीत आवडतं म्हणून."

मग फोन सुरू झाले. वांगं हिरवं करता येईल का? वांग्याला स्कूटरवर बसवता येईल का? काकांच्या भाच्याचं म्हणणं पडलं की चित्रात 'दम' नाही. दम म्हणजे काय, हे भाचाही सांगू शकला नाही. शेवटी मी हात टेकले आणि हिरव्यावर पांढरं पान काढून दिलं. काकांनी तोंड भरून कौतुक केलं. मला रडू यायचंच बाकी होतं.

अ‍ॅप सुरू झाल्यावर एका दुपारी काकूंचा फोन आला. हसण्यामुळे त्यांना बोलता येईना. आपली माणसं वेळेवर पोचतात का ते बघायला काकांनी घरबसल्या मेथी मागवली होती. मेथी आली, पण आणणाऱ्याच्या अंगात निळा टीशर्ट. काकांनी त्याला दारातच झापलं, "आपला गणवेश कुठंय?" तो म्हणाला, "काका, आमच्या कंपनीत निळाच असतो." काकांनी पान बघून दुसऱ्याचंच अ‍ॅप उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. मेथीबद्दल अवाक्षर नाही. "ते वांगं ठेवलंय का हो अजून?"

आठवड्याभरात अ‍ॅपवर पानाच्या जागी वांगं लागलं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात पुन्हा फोन.

"मॅडम, एक बाई विचारत होत्या, तुमच्याकडे फक्त वांगीच मिळतात का? शेजारी एक छोटा टोमॅटो टाकता का?"

मी नाही म्हणाले. इतक्या जोरात, की शेजारच्या फ्लॅटमधल्या आजींनी काळजीनं बेल वाजवली.