घोड्यासाठी गाजर

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधला पीटर अनवाणी उभा होता. "हन्ना गेली," एवढंच म्हणाला. झोपेतच... मी त्याला आत घेतलं, चहा टाकला, साखर घालायची विसरलो. तोही तसाच प्यायला.

आठ वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून सौदीतल्या अल-खोबरला आलो तेव्हा सानिका सहा वर्षांची होती. नव्या शाळेत ती कुणाशी बोलेना; घरीही नुसती मान हलवायची. समोर हे साठीकडे झुकलेलं डच जोडपं. डिसेंबरच्या पाच तारखेला हन्नानं तिला सांगितलं, संध्याकाळी दाराशी बूट ठेव, त्यात गाजर ठेव. संत निकोलस येतो. गाजर त्याच्या घोड्याला, खाऊ तुला. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ऑफिसातून आलो, बुटात गाजर पाहिलं, अन्न पायताणात ठेवतात का म्हणून ओरडलो, बूट नळाखाली धुतला आणि गाजर वाया कशाला घालवा, म्हणून तेही धुऊन कोशिंबिरीत किसलं. जेवताना बायको शांतपणे म्हणाली, "अहो, घोड्याचं जेवण खाताय तुम्ही."

मान खाली घालून हन्नाकडे गेलो. ती हसली नाही. समोर बसवून तिनं सांगितलं, की निकोलस हा फार जुन्या काळचा, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचा बिशप. गावात एका गरिबाच्या तीन मुलींची लग्नं अडली होती. यानं अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या आणि तोंड न दाखवता निघून गेला. "देणारा दिसला की देणं बिघडतं," ती म्हणाली, आणि मला दुसरं गाजर दिलं.

सकाळी ओल्या बुटाशेजारी मसाल्याची बिस्किटं होती आणि एक इंग्रजी कविता, खाली सही नाही. भेटीबरोबर संताच्या नावानं अशी टोपी उडवायची त्यांच्याकडे रीतच आहे. विषय अर्थात घोड्याच्या तोंडचा घास पळवणारा बाप. सानिकानं ती मोठ्यानं वाचली आणि खदखदून हसली... कित्येक आठवड्यांनी घरात तिचा आवाज ऐकू आला. पुढे दरवर्षी कविता येत राहिली. माझं पोट, माझं ड्रायव्हिंग, माझं अरबी, काही सुटलं नाही. हन्नानं मात्र एकदाही कबुली दिली नाही.

आता पीटर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द करून कायमचा मायदेशी निघालाय. पाच तारखेचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "या मजल्यावर आता कोणी येणार नाही." चौदा वर्षांच्या सानिकानं ते ऐकलं आणि उठून आपल्या खोलीत गेली.

सहा तारखेला सकाळी पीटर पुन्हा दारात. एका हातात बिस्किटांचा पुडा, दुसऱ्यात कागद. कवितेत एक म्हातारा होता, भाजीत मीठ दोनदा घालणारा, घराच्या चाव्या आत विसरून शेजाऱ्यांच्या सोफ्यावर ताटकळणारा. शेवटच्या ओळीत कोणीतरी वरून विचारत होतं, आता किल्ली कोणाकडे ठेवलीस?

"तू लिहिलंस?" त्यानं सानिकाला विचारलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"नाही," ती त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली.

पोरांनी खोटं बोललेलं मला खपत नाही, अशी घरात माझी ख्याती आहे. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

काल त्याची खोकी बांधायला गेलो होतो. स्वयंपाकघर रिकामं झालंय. फ्रिजच्या दारावर तेवढी हन्नाच्या अक्षरातली किराण्याची यादी आहे, दूध, अंडी, लिंबं... आणि तिच्याशेजारी सानिकाचा कागद. ती दोन्ही पीटर कोणाला काढू देत नाही.