पात्र ओळखणाऱ्या निर्मला बाई

निर्मला बाई दुकानात आल्या की आधी खुर्ची पुसायच्या. मग कीबोर्ड, मग माउस. त्यासाठी पर्समध्ये वेगळा रुमाल असे. पुसून झालं की तो दोन बोटांत धरून माझ्याकडे बघायच्या, जणू तो मळ मीच मुद्दाम आणून ठेवला होता. डहाणूत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं इंटरनेट आणि झेरॉक्सचं दुकान होतं. २०१५ पासून दोन वर्षं बाई रोज अकरा वाजता भाजीची पिशवी घेऊन यायच्या आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायच्या. मला त्या कधीच आवडल्या नाहीत. आता त्या नाहीत, तरी त्यात बदल करावासा वाटत नाही.

पहिल्यांदा आल्या त्या पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याचा फॉर्म भरायला. तेव्हा सत्तरीला टेकलेल्या होत्या, पण पाठ ताठ. शेजारच्या मशीनवर कॉलेजच्या दोन मुली एक खेळ खेळत होत्या. आपण सिनेमातलं एखादं पात्र मनात धरायचं, वेबसाइट एकेक प्रश्न विचारते, आपण हो किंवा नाही म्हणायचं आणि शेवटी ती त्या पात्राचं नाव सांगते. बाई मुलींच्या मागे उभ्या राहून दहा मिनिटं बघत होत्या.

"याला कोणीही हरवेल," त्या म्हणाल्या. "उठा जरा."

मुली उठल्या. बाईंपुढे माणसं उठतच असत.

बाईंनी नायक-नायिका कधी धरल्या नाहीत. "नायक पोस्टरवर असतो. त्याला ओळखण्यात काय मोठेपणा?" त्या धरायच्या एकच वाक्य बोलणारी नर्स, ट्रे घेऊन येणारा नोकर, लग्नाच्या गर्दीत डोळे पुसणारी विधवा शेजारीण. सिनेमे त्यांनी अफाट पाहिले होते आणि अशी माणसं त्यांच्या बरोबर लक्षात राहिली होती. इंग्रजीतले प्रश्न त्या मराठी करून मोठ्याने वाचायच्या, उत्तर द्यायच्या आणि मशीनने चुकीचं नाव सांगितलं की चष्मा काढून म्हणायच्या, "नापास." मशीनने बरोबर ओळखलं तर मात्र त्या दिवशी दुकानात कोणाची धडगत नसे. मी काही समजवायला गेलो की हात वर करायच्या. "हो किंवा नाही. निबंध नको."

एकदा तलासरीची एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली. तिच्या बोलण्यात घरची वारली भाषा आणि गुजरातीही मिसळलेली होती. बाई न वळता म्हणाल्या, "ही बारावी पास झाली? कोणत्या भाषेत?" मुलीची मान खाली गेली. मग बाईंनी तिच्या हातातले कागद ओढून घेतले आणि अर्धा तास लाल पेनाने तपासले. जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं लिहिलेलं होतं. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, फॉर्म नक्की परत आला असता. मुलगी कागद घेऊन काही न बोलता गेली. "आभार मानायचं वळण नाही," बाई म्हणाल्या. मला वाटलं, त्या मुलीने बरोबर केलं.

पहिल्या दिवशी फॉर्मवर नाव आणि त्या जिथे शिकवायच्या ती शाळा टाइप करतानाच मी बाईंना ओळखलं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही, कारण मी त्यांच्या शाळेत गेलोच नाही. आईने घातलं नाही. माझी मोठी बहीण रंजनाताई त्या शाळेत होती. आम्ही धाकटी डहाणू या मच्छीमारांच्या गावचे. ताई पहाटे आईबरोबर खाडीवर मासळी निवडायची आणि तिथून धावत शाळेत जायची. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात निर्मला बाईंनी वर्गासमोर नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "रंजना, तू बाहेर बस. मुलांना मळमळतं." ताई वर्षभर व्हरांड्यात बसली. खिडकीतून ऐकून लिहायची. पावसात वही भिजायची, मग ती घरी येऊन चुलीजवळ धरायची. वार्षिक परीक्षा पास झाली आणि नववीला गेलीच नाही.

हे सगळं बाईंच्या तोंडावर सांगायचं, असं मी रोज ठरवायचो. सांगितलं नाही. खरं कारण भीती होती. चाळिशीकडे झुकलेला माणूस मी, बाईंनी चष्म्यावरून बघितलं की माझा आवाज बारीक व्हायचा. बाई दुकानात येतात, हे ताईलाही बोललो नाही.

२०१७ च्या जूनमध्ये ताई तिच्या लेकीच्या कॉलेजप्रवेशाचे कागद घेऊन दुकानात आली. तिला अकराची वेळ सांगू नये एवढंही मला सुचलं नव्हतं. चांगली इस्त्रीची साडी, केसांत अबोली. ती आत आली तशी बाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "हेमंत, पंखा वाढव जरा."

ताई दारातच थांबली. तो आवाज तिने ओळखला. मी पंख्याच्या बटणाकडे गेलो.

"राहू दे," ताई मला म्हणाली. तिने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बाईंच्या शेजारी बसली. थोडा वेळ तिने खेळ बघितला. मग म्हणाली, "बाई, मी पण एक पात्र धरलंय. तुम्ही ओळखा."

बाईंना ते आवडलं. त्या पहिल्यांदाच स्क्रीनपासून वळल्या. "पुरुष?"

"नाही."

"सिनेमातलं?"

"नाही."

"मग ते या खेळात बसत नाही."

"बसतं. विचारा तुम्ही."

"जिवंत आहे?"

"हो."

"मी पाहिलंय?"

"हो. रोज."

"शाळेतली आहे?"

"हो."

"माझ्या वर्गात बसायची?"

"नाही," ताई म्हणाली. "वर्गात नाही."

बाईंचा हात माउसवर होता, तो तसाच राहिला. त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"रंजना," त्या म्हणाल्या.

"बरोबर. आता मी विचारते, एकच. माझा वास येत होता?"

झेरॉक्सला आलेला एक माणूस कागद हातात धरून उभा होता. बाईंनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग?"

"याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही." त्या उठल्या, भाजीची पिशवी घेतली आणि पायरी उतरून गेल्या. त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत. बाजारात एकदोनदा समोर आल्या, तेव्हा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत गेल्या.

२०१९ मध्ये त्यांचा भाचा मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढायला आला. दहा प्रती. त्याने विचारलं, "मावशी इथे यायची ना? तुमच्याबद्दल बोलायची." काय बोलायच्या, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी धाकटी डहाणूला जाऊन ताईला बाई गेल्याचं सांगितलं. ती ओट्यावर बोंबील साफ करत होती. हात थांबला नाही. मी म्हटलं, "निदान तुझ्या तोंडावर 'नाही' म्हणाल्या. तुला बरं वाटलं असेल."

"बरं?" ताई म्हणाली. "आठवीच्या त्या वर्षापासून मी दोनदा आंघोळ करते, हेमंत. लग्नाच्या दिवशी तीनदा केली. सासरी कोणी जवळ आलं की मी मागे सरकते, अजून. वास येत होता म्हणाल्या असत्या, तर निदान त्याला काही कारण असतं."

तिने पुढचा बोंबील घेतला.